ओढ्याकडचा कोपरा

निफाडजवळच्या आमच्या मळ्यात थंडी कडक पडे, आणि दर हिवाळ्यात द्राक्षबागेचा ओढ्याकडचा कोपरा करपे. त्या पहाटे मला नाशिकच्या कॉलेजला नेणारी पहिली एस.टी. आलीच नाही. प्रात्यक्षिक बुडणार म्हणून मी चिडून घरी परतले. आजोबा मात्र खुशीत होते. "बरं झालं, आज तू माझ्या वाट्याला आली," म्हणत त्यांनी मला बागेत नेले.

विहिरीजवळच्या उंचवट्यावर ते नेहमीप्रमाणे छाटणीच्या काड्यांच्या शेकोट्या पेटवू लागले. मी दप्तरातला प्रात्यक्षिकाचा तापमापक आधी तिथेच शेकोट्यांपासून लांब टांगला, मग ओढ्याकडे. ओढ्याकडे पारा तीन अंशांनी खाली होता.

"आजोबा, थंड हवा जड असते. पाण्यासारखी उताराला जाऊन साचते. शेकोट्या खाली हव्यात."

"वीस वर्षं इथंच पेटवतोय मी!"

"आणि वीस वर्षं तो कोपरा करपतोय."

ते मोठ्याने हसले. "लय टोचून बोलते गं! उचल घमेलं."

घमेल्यांतून निखारे वाहून आम्ही खालच्या ओळींत शेकोट्या लावल्या. उजाडले तेव्हा बांधापलीकडचे गवत गोठलेल्या दवाने पांढरे पडले होते. आमच्या कोपऱ्यातली पाने हिरवीगार होती. आजोबा एकेक घड तळहातावर तोलून पाहत होते.

तेवढ्यात रस्त्यावर दुसरी एस.टी. थांबली. मी दप्तराकडे वळण्याआधीच आजोबा कंडक्टरला ओरडून म्हणाले, "जाऊ द्या गाडी! आज आमची शास्त्रज्ञ बागेत कामाला हाय!"

मी तापमापक पुन्हा वेलींच्या तारेला टांगला.