चक्कीचा चौसष्टावा वाटा

आफ्ये कूलचा दिवस पहाटे साडेतीनला बेकरीत सुरू व्हायचा. दुपारपर्यंत पाव भाजून ती आमच्या झान नदीकाठच्या जुन्या व्यापाराचा अभ्यास करायला बसायची. दोन्ही कामांत तिने कधी अंग चोरलं नाही.

मी जन्मभर जिच्या करवतींवर लाकूड कापलं, ती पवनचक्की विकायला निघाली. घेणारा ती पाडणार होता. गावाच्या सभेत आफ्ये उठली.

“पूर्वी एकेका चक्कीच्या मालकीचे चौसष्ट वाटे असायचे. मोलकरणी, नावाडीही ते घ्यायचे, हे माझ्या अभ्यासात सापडलंय. आपणही तसंच घेऊ.”

“पोरी, मेलेल्यांचा धंदा आता कशाला उकरतेस?” सिमेनकाका म्हणाला.

“काका, तुमच्या पणजीचाही वाटा होता. तुम्ही भ्यालात होय?”

लोक हसले. काकाचा हात वर गेला. मग माझा, मग भराभर सगळीकडून. कॉफी निवायच्या आत त्रेसष्ट वाटे गेले. एक उरला, आणि तो गेल्याशिवाय चक्की मिळणार नव्हती.

आफ्येने बेकरीच्या पगारातून मोटारीसाठी पैसे साठवले होते. अजूनही ती अंधारात, वाऱ्याशी झुंजत सायकलवरच कामाला जाते. वाटेत ती चक्की फिरत असते, आणि तिचा चौसष्टावा वाटा आफ्येचा आहे.