राणी पुकळेचा पहिला हंगाम

बंगळुरूत सकाळच्या सरावाला निघायच्या आधी राणीला वडिलांचा फोन आला. आटपाडीच्या पलीकडच्या वस्तीवरून धनाजी पुकळे बोलत होते. मागं मेंढरं ओरडत होती, त्यामुळं त्यांनी आवाज चढवलेला.

"राणे, साक्षीचं सतरा दिसतंया. तुझं नऊच कसं?"

"कशाचं आबा?"

"मोबाईलवर आलंय की. तुमचं दोघींचं फोटू शेजारी शेजारी. वर लिवलंय, पहिल्या वर्साच्या पोरींत भारी कोण. तिथं खायला बरं देत न्हाईत का?"

"देतात आबा. खेळात असतंय कमी-जास्त."

"न्हाई, लोक इचारत्यात म्हणून म्हटलं."

राणीनं ते चित्र आधीच पाहिलं होतं. तोंड धुवायच्याही आधी पाहिलं होतं. बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये त्या वर्षी सातारा-सांगली पट्ट्यातल्या दोन मुली पहिल्यांदाच उतरल्या होत्या. राणी बंगळुरूच्या संघात होती आणि कोरेगावकडची साक्षी फाळके पुण्याच्या. साताऱ्याच्या कुठल्याशा बातम्यांच्या पेजवर प्रत्येक सामन्यानंतर दोघींची तुलना यायची. दर सामन्याला सरासरी गुण किती, रिबाउंड म्हणजे बोर्डवरून उसळलेले चेंडू किती काढले, पास किती. खाली माणदेशातली माणसं राणीच्या बाजूनं लिहायची, कोरेगाव-वाईकडची साक्षीच्या. दोघी निवडणुकीला उभ्या आहेत असं वाटावं, इतकी हमरीतुमरी.

खरं तर दोघी एका खोलीत वाढलेल्या. राणीचं लहानपण मेंढरांमागं फिरण्यात गेलं. सहावीत ती तालुक्याच्या स्पर्धेत गोळाफेकीला आली, तेव्हाच बाईमाणसांत ताडमाड दिसत होती. साताऱ्याचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक मानसिंग सर तिथं पंच म्हणून आले होते. त्यांनी सहज एक चेंडू तिच्याकडं फेकला. तिनं तो एका हातात असा धरला की सर त्याच संध्याकाळी वस्तीवर हजर. आई बनाबाई म्हणाली, "आवं सर, चेंडू खेळायला पोरगी साताऱ्याला कशी धाडू?" पण धनाजींनी धाडली.

वसतिगृहात राणीची जोडीदारीण म्हणजे साक्षी. वडील सयाजी फाळके फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस, बोलणं खणखणीत. पहिले काही दिवस राणीला कॉटवर झोपच लागेना, ती खाली जमिनीवर झोपायची. साक्षीनं आपली गादी खाली ओढली आणि तीही जमिनीवर झोपायला लागली. मैदानावरही तसंच जमलं. बोर्डवरून उसळलेला चेंडू राणीनं उडी मारून काढायचा, साक्षीकडं द्यायचा आणि साक्षीनं बास्केट करायची. साताऱ्यात त्या दोघींना कुणी वेगवेगळं मोजलंच नव्हतं.

लीगमध्ये आल्यावर मोजणं सुरू झालं. बंगळुरूच्या संघात राणीचं काम होतं विरुद्ध खेळाडूची वाट अडवून उभं राहायचं, धक्के खायचे, आपल्या मुलीला मोकळी जागा करून द्यायची आणि चेंडू निसटला तर काढायचा. अशा कामाला फळ्यावर गुण मिळत नाहीत. कोच मॅडम हैदराबादच्या होत्या. त्या तिला म्हणायच्या, "मला तुझ्याकडून हेच पाहिजे." पण करार एका वर्षाचा होता. पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी पुढं कुणाला ठेवणार हे हंगाम संपल्यावर कळणार होतं, आणि ते कशावरून ठरणार हे कुणी सांगत नव्हतं. मग राणीनं मनानंच धरलं, त्या आकड्यावरून.

चेंडू हातात आला की मोकळ्या मुलीकडं न देता ती स्वतःच मारू लागली. दोन सामन्यांत तिचा आकडा वाढला आणि दोन्ही सामने संघ हरला. मॅडमनी तिला बाकावर बसवलं. बाकावर बसल्यावर आकडा पुन्हा खाली आला. घरून फोन आला की ती दोन शब्दांत आटपायची. साक्षीचेही फोन यायचे. राणी ते उचलत नव्हती. काय बोलणार? सतरावाली नऊवालीला काय विचारणार?

मग ती सरावात सगळ्यांपेक्षा जास्त उड्या मारायला लागली. अशाच एका उडीनंतर ती दुसरीच्या बुटावर उतरली आणि डावा गुडघा आत वळला. काही फार झालं नाही असं तिनं फिजिओला हसत सांगितलं. संध्याकाळी गुडघा सुजला. तिनं आत पट्टी बांधली, वरून नीकॅप चढवली आणि दुसऱ्या दिवशी सरावाला उभी राहिली.

पुण्याच्या सामन्याआधी संघाला थोडी सुट्टी मिळाली. घरी जाते म्हणून राणी रेल्वेत बसली आणि मिरजेला उतरली. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि तिथं तिला ओळखणारंही कुणी नव्हतं. आबांना कळू नये म्हणून तिनं आईला एकटीलाच बोलावून घेतलं. बनाबाई एसटीनं आली. लेकीची चाल बघून तिनं स्टेशनातच विचारलं, "काय झालंय पायाला?"

"काय न्हाई. दाखवून घिऊ जरा."

डॉक्टरांनी गुडघ्याची तपासणी केली, फोटो काढायला लावले आणि समोर बसवून सांगितलं, "आतल्या गादीला चीर गेलीय. लहान आहे. आत्ता थांबलीस तर सुधारेल. अशाच उड्या मारत राहिलीस तर चीर वाढेल. मग ऑपरेशन. त्यानंतर पहिल्यासारखं खेळशील का, ते मी आज सांगू शकत नाही."

बाहेर येऊन दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. बनाबाई म्हणाली, "आता घरी चल."

"पुण्याची मॅच झाली की थांबते आई. साक्षीसमोरची हाय. वस्तीवरनं गाडी भरून येणार हायत सगळी."

"येऊ देत की. बघून जात्याल."

"न खेळता? लोक म्हणत्याल, साक्षीला भ्याली."

"आन् पाय गेला म्हंजे लोक काय म्हणत्याल?"

 राणीनं आईचा हात घट्ट धरला. "आबाला सांगायचं न्हाई. तुला माझी शपथ हाय."

बनाबाईनं शपथ घेतली खरी, पण ती तिला पेलवेना. घरी ती भाकरी थापता थापता थांबायची, धनाजींनी काय झालं विचारलं की "कुठं काय" म्हणायची.  सामना जवळ येत चालला तसं तिचं अन्न तुटलं.

पुण्याला सामन्याच्या दिवशी माणदेशातून दोन जीपगाड्या आल्या. चुलता केरबा भंडाऱ्याची पुडी घेऊन आला होता. पलीकडच्या बाजूला सुभेदार सयाजी ताठ बसले होते. राणी मैदानात उतरली तेव्हा आपल्या लोकांचा आरडाओरडा ऐकून तिला धीर यायच्या ऐवजी घाम फुटला. तिनं आईकडं बघितलं. बनाबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

चेंडू उडायच्या आधी साक्षी तिच्याजवळ आली. कित्येक आठवड्यांनी दोघी समोरासमोर होत्या. साक्षी हळूच म्हणाली, "राणे, तू खेळू नको."

"का? भ्यालीस?"

साक्षी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

पहिली काही मिनिटं राणी जिवाच्या आकांतानं खेळली. तिनं एक बास्केट केली, मग दुसरी. जीपगाड्यांनी आलेली माणसं उभी राहून नाचायला लागली. मग बोर्डवरून चेंडू उसळला, ती उडाली, चेंडू तिनं काढलाही, पण खाली उतरताना डाव्या पायावर भारच देता आला नाही. ती एका पायावर दोनदा लंगडली आणि पुन्हा पळायला लागली. बघणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. साक्षीच्या आलं.

टाइमआउटला खेळ थांबला तेव्हा साक्षी आपल्या संघाकडं गेली नाही. ती सरळ मैदान ओलांडून बंगळुरूच्या बाकाकडं आली आणि फिजिओला म्हणाली, "तिचा डावा गुडघा बघा. तिला बसवा." पुण्याचे कोच तिला मागून हाका मारत होते. बंगळुरूच्या मुली तोंड उघडं टाकून बघत होत्या. फिजिओनं राणीची नीकॅप खाली केली. आतली पट्टी दिसली. सुजलेला गुडघा दिसला. मॅडमनी फक्त हातानं खूण केली, खाली बस.

"साक्षे, लय वाईट केलंस," राणी ओरडली. "समोरनं जमत न्हाई म्हणून असं केलंस!"

साक्षी परत फिरली. उरलेल्या सामन्यात तिचे सोपे नेम चुकत राहिले.

राणीचा हंगाम तिथंच संपला. ती वस्तीवर परत आली, पाय उशीवर ठेवून पडून राहिली आणि मोबाईल बघत राहिली. आता तुलना बंद झाली होती आणि शिव्या सुरू झाल्या होत्या. साक्षी घाबरट, साक्षी डावपेची, चांगल्या खेळाडूला मैदानाबाहेर काढून नंबर लावणारी. केरबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होता. पहिले दोन-तीन दिवस राणीला ते वाचून बरं वाटलं. मग एकानं साक्षीच्या आईबद्दल लिहिलं. वसतिगृहात त्याच आईच्या हातची धपाटी राणीनं वर्षानुवर्षं खाल्ली होती. तिनं मोबाईल पालथा ठेवला.

बनाबाई तिथंच बसून लसूण सोलत होती. ती खाली मान घालून म्हणाली, "तिला मीच सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

"साक्षीला. तू म्हणालीस आबाला सांगू नको. मी कुणाजवळ बोलू? तिला फोन केला. म्हटलं, बाई, तू तरी तिला आडव. ती म्हणाली, काकी, ती माझा फोन उचलत न्हाई, पर मी बघते." बनाबाईचे हात थांबले. "आन् आता लोक तिला एवढं बोलत्यात, तरी तिनं माझं नाव घेतलं न्हाई."

राणीनं सगळं लोकांना सांगायचं मनात आणलं. खरं सांगायचं म्हटलं तर मिरजेची गोष्ट बाहेर येणार होती. दुखणं लपवून खेळणाऱ्या मुलीला कोणता संघ पुढच्या वर्षी ठेवील? न सांगावं तर साक्षी शिव्या खात राहणार होती. दोन दिवस ती मोबाईलला हात लावेना. मग तिनं आधी मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्यावरसुद्धा तू माझ्यासमोर उभी राहून गुडघा ठीक आहे म्हणालीस?"

"हो मॅडम."

"तुझा करार मी पुढं चालू ठेवू शकत नाही, राणी. पुढच्या वर्षी यायचं असेल तर जूनमध्ये बाकी मुलींसारखी चाचणीला ये."

फोन ठेवल्यावर राणी रडली. मग तोंड धुऊन तिनं अंगणातच एक व्हिडिओ केला. गुडघा मीच लपवला, साक्षीला माझ्या आईनं सांगितलं होतं, तिनं माझा पाय वाचवला, एवढंच ती बोलली. धनाजी दारात उभे राहून ऐकत होते. ते बायकोकडं वळले. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

त्या दिवशी धनाजी जेवायला आले नाहीत. मेंढरांकडंच बसून राहिले.

व्हिडिओनं सगळी तोंडं बंद झाली नाहीत. काही जण आता राणीला खोटारडी म्हणायला लागले. हंगाम संपल्यावर लीगचं नवख्या खेळाडूचं बक्षीस केरळच्या एका मुलीला मिळालं. तिचं नाव दोन्ही बाजूंच्या भांडणाऱ्यांपैकी कुणी ऐकलंही नव्हतं. साक्षीला पुण्यानं ठेवलं. राणीनं फोन केला तेव्हा ती आधी नीट बोलली नाही. "मला लय लागलं राणे," एवढं म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन केला. मॅचच्या आधी आपल्याला उलटी व्हायची, पप्पा चुकलेले नेम टीव्हीवर परत परत लावून दाखवायचे आणि म्हणायचे, राणीसारखं अंग टाकून खेळ, हे तिनं तेव्हा सांगितलं.

एप्रिलपासून राणी साताऱ्यात मानसिंग सरांकडं राहिली. सर तिला उडीच मारू देईनात. नुसतं चालणं, पायऱ्या, पोहणं. "सर, उडी कवा?" असं तिनं विचारलं की ते म्हणायचे, "मी सांगीन तवा."

जूनच्या चाचणीला बनाबाई बरोबर गेली. मैदानाभोवती राणीहून लहान, चपळ मुली वार्‍यासारख्या पळत होत्या.  पहिल्या रिबाउंडला राणी उडालीच नाही, चेंडू दुसरीनं नेला. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्या वेळी राणीनं डोळे मिटल्यासारखं केलं आणि उडाली. त्यानंतर ती थांबली नाही, पण नेम दोनच लागले, तेही सोपे.

संध्याकाळी नावं वाचली. राणीचं नाव सगळ्यात शेवटी आलं, राखीव म्हणून. मॅडम तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "दुखलं तर पहिल्यांदा मला."

राणीनं घरी फोन लावला.

"घेतलं आबा. राखीव म्हणून."

"बरं झालं. गुडघा?"

"बरा हाय."

"खरं सांग."

"खरंच सांगते."

धनाजींनी एका मेंढराला हाकललं. मग म्हणाले, "आईला दे फोन."

बनाबाईनं फोन कानाला लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "व्हय, मी डोळ्यांनी बघितलं. दोन्ही पायांवर उतरली."