हळदकुंकवाचे डॉलर आणि दाजींचा ओटीपी

"माजं कार्ड घिऊन जावा. कायबी घेताना ओटीपी माज्या मोबाईलवर यील. मला फोन करायचा, काय घेताय ते सांगायचं, मग मी आकडं सांगतो. झालं!"

दाजी असं म्हणाले आणि मी तिथंच ठरवलं: व्हिएतनामला जायचं, पण दाजींच्या कार्डावर नाही.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, वन्संचे यजमान. आष्ट्याला राहतात. वन्संचं माहेर, म्हणजे माझं सासर, जतकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लग्नानंतरही त्यांनी दारात शेळ्या पाळल्या, आणि शेळी विकली की पैसे दाजींच्या खिशात, हा आजवरचा शिरस्ता. या वेळी मात्र त्यांनी पैसे स्वतःकडे ठेवले. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी समुद्रात उभे असलेले डोंगर आणि त्यांच्यामधून जाणारी होडी पाहिली होती. "त्या होडीचं तिकीट मी माज्या पैशानं काढणार. जल्मात एकदा," त्या म्हणाल्या. मी बरोबर असणार, एवढंच त्यांनी घरी सांगितलं.

बायकांना परदेशात पैसे सांभाळता येत नाहीत, हे मी फार वर्षं ऐकून घेतलंय. कुपवाडच्या कारखान्यात सगळ्यांचे पगार मीच काढते, तेव्हा कुणाला हे आठवत नाही! सांगलीत परवाना असलेल्या परकीय चलनवाल्याकडे पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट घेऊन गेले. माझी बरीचशी रक्कम डॉलरच्या फॉरेक्स कार्डावर भरली. कार्ड हरवलं तर मोबाईलवरून बंद करता येतं, नोटांना ती सोय नाही. बँकेचं दुसरं कार्ड परदेशासाठी चालू करून वेगळ्या पिशवीत ठेवलं. थोडे डॉलर रोख घेतले. ओटीपीचा नंबर अर्थातच माझा.

वन्संना कार्ड पटेना. "त्या पत्र्यात माजं पैसं हायत, हे मला कसं दिसायचं?" त्यांनी सगळे डॉलर रोख घेतले.

सांगलीहून सकाळची एसटी. आष्ट्याला वन्सं चढल्या, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडीवर घेऊन. उंब्रजच्या पुढे चहाला थांबलो. तिथून मुंबई, आणि मुंबईहून थेट विमानानं हनोई. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, त्यासाठी एजंटला जास्तीचे पैसे देऊ नका.

हनोईच्या विमानतळावर वन्संनी पोलक्यातली पुरचुंडी सोडली आणि गड्डी पैसे बदलून देणाऱ्या काउंटरवर ठेवली. तिथल्या पोरीनं वरची नोट उचलली, उजेडात धरली, मान हलवली आणि सगळी गड्डी मागं सरकवली. मी वाकून बघितलं. नोटेवरच्या गोऱ्या साहेबाच्या कपाळावर ठसठशीत हळदकुंकू!

"वन्सं, हे काय?"

"काय म्हंजे? लक्ष्मी पयल्यांदा परदेशी चाललीया. ववाळल्याबिगर धाडू व्हय?"

मी ओढणीच्या टोकानं पुसून बघितलं. सांगलीची हळद ती, पुसली जाते कसली! वन्संनी गड्डी ओढून घेतली. "ठेव तुजं दुकान तुज्यापाशी!" त्या अस्सल आष्ट्याच्या मराठीत कडाडल्या. पोरगी गोड हसली.

मी एटीएमच्या यंत्रातून कार्डावर डाँग, म्हणजे तिथले पैसे, काढले. यंत्र किंवा दुकानदार 'रुपयांत आकारू का?' असं विचारतो, तेव्हा ठामपणे नाही म्हणा आणि डाँगच निवडा, नाहीतर वाईट दर पडतो. आणखी एक: वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. मी कॉफीवालीला चुकून पाच लाख दिले, तिनं हात धरून परत केले. कॉफी शंभरेक रुपयांत मिळते, अंडं फेटून केलेली एकदा प्याच.

वन्सं कॉफी पीत नव्हत्या. माझ्या पैशानं काहीच घेत नव्हत्या. हनोईतल्या तळ्याकाठी बसून दशमी-चटणी खात होत्या.

"मी तिकीट काढते, तुम्ही घरी गेल्यावर द्या," मी म्हणाले.

"रंजना, दुसऱ्याच्याच पैशानं फिरायचं असतं, तर तुज्या दाजींचं कार्ड काय वाईट हुतं?"

मला राग आला. मग लाज वाटली, कारण मीही दाजींसारखीच बोलले होते.

तेवढ्यात दाजींचा व्हिडिओ कॉल. "काय, पैसं आडलं न्हवं? पाठवू का?"

वन्संनी चटणीचं बोट चाटलं. "न्हाई. लय मज्जा चाललीया," म्हणून फोन कापला. डोळे मात्र भरले होते. उद्या नोटा वटल्या नाहीत तर त्या होडीत बसणार नाहीत आणि दाजींनाही फोन करणार नाहीत, हे मला कळून चुकलं.

सकाळी बँकेत गेलो. या वेळी मी गड्डी सोडवून नोटा एकेक करून सुट्या मांडल्या. कुंकू वरच्या नोटेला होतं, हळद दुसऱ्या-तिसऱ्या नोटेपर्यंत झिरपली होती. खालच्या साऱ्या कोऱ्या! बँकेतल्या बाईंनी एकेक तपासली, डागाळलेल्या बाजूला काढल्या आणि उरलेल्यांचे डाँग मोजून वन्संच्या, माझ्या नव्हे, हातात दिले. म्हणून सांगते, नोटा स्वच्छ ठेवा, घडी घालू नका, त्यांच्यावर काही लिहू नका. आणि ओवाळायचंच असेल तर पाकीट ओवाळा.

हनोईहून 'हा लाँग' उपसागराची, म्हणजे व्हिडिओतल्या त्या डोंगरांची, एका दिवसाची सहल जेवणासकट साधारण चार हजार रुपयांत होते. वन्संनी तिकीट स्वतः मागितलं, पैसे स्वतः दिले, सुटे स्वतः मोजून घेतले. होडी डोंगरांमध्ये शिरली तेव्हा त्या पदर खोचून अगदी टोकाला उभ्या राहिल्या. फोटो काढू दिला नाही. म्हणाल्या, "गप बघू दे. हे माजं हाय."

आष्ट्याला परतलो आणि वन्संनी दारातच नोटांची हकिकत सांगून टाकली. दाजींनी चहा व्हायच्या आधीच हात पुढं केला. "डागाच्या नोटा आना हिकडं. मी बगतो काय करायचं ते."

"ऱ्हाऊ द्या. मीच जाईन बँकंत."

माझ्यापाशी प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर हे वाक्य. डोंगर कुणालाही दिसतील.

दाजींनी हात मागं घेतला. मग आवाज चढवून म्हणाले, "बरं, एकूण खर्च किती झाला, त्यो आकडा तरी सांगशील?"

वन्संनी पुरचुंडीची गाठ मारली, ती पोलक्यात सारली आणि बँकेचा मेसेज वाचावा तशा सुरात म्हणाल्या, "त्यो आकडा कुणालाबी सांगायचा नसतो."