दोन काड्यांची अँटेना

माझे वडील टीव्हीवर आले, तेव्हा आमच्या गावातल्या वीस-पंचवीस जणांनी त्यांना पाहिलं. मी पाहिलं नाही. मी टीव्हीच्या मागे अँटेना धरून उभी होते.

अण्णा टीव्हीवर आले ते आमच्या कागदी लिंबाच्या चाळीस झाडांमुळे. बहात्तरच्या दुष्काळात पारनेरच्या पठारावर बाभळीसुद्धा वाळल्या, पण ही झाडं हिरवी राहिली. ती मी जगवली होती. फुशारकी म्हणून नाही सांगत, हे सांगणारं दुसरं कुणी उरलंच नाही म्हणून सांगते. आई-अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, मोठा भाऊ नगरला कॉलेजात, आणि मी नववीतून घरी बसवलेली. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक मडकं पुरलं होतं. मडक्याच्या तळाला भोक, भोकात चिंधी, तोंडावर फरशीचा तुकडा. आंघोळीचं, भांड्यांचं, हात धुतलेलं पाणी साठवायचं आणि मडक्यांत ओतायचं. तेही पुरलं नाही की आटलेल्या विहिरीत उतरायचं आणि झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. माझ्या कमरेला हंड्याचा घट्टा पडला होता. भाऊ सुट्टीला आला की बाजेवर पडून पुस्तक वाचायचा आणि मला म्हणायचा, "लिंबांची आई आली बघा."

पुढं पाऊसपाणी झालं. शेतकी खात्याचे एक साहेब बाग बघून गेले आणि अण्णांना मुंबईहून बोलावणं आलं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मुलाखत होती. नवा फेटा बांधून निघताना अण्णा मला म्हणाले, "तुजं नाव सांगतो बग मुंबईत."

परत आल्यावर त्यांना पाणी देतादेताच मी विचारलं, "सांगितलं न्हवं माजं?"

"व्हय तर. समदं सांगितलं," अण्णा म्हणाले आणि लगेच बैलांना पाणी दाखवायला गेले.

कार्यक्रम आठ दिवसांनी दाखवणार होते. ते आठ दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. शाळा सोडवली, तेसुद्धा मी माफ करून टाकलं होतं.

टीव्ही होता बाजाराच्या गावच्या डॉक्टरांकडे, पुण्याहून नवाकोरा आणलेला. छपरावरच्या अँटेनाचा उंच पाइप अजून यायचा होता, म्हणून दुकानदारानं दिलेली दोन काड्यांची घरातली अँटेना टीव्हीच्या डोक्यावर ठेवली होती. पुण्याकडची खिडकी उघडी टाकली तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. कुणी काडी हातात धरली की मात्र चित्र ठरायचं. आधी भावाला धरायला लावलं, पण त्याला बघायचंही होतं. तो मान वाकडी करायचा, हात हलायचा, पुन्हा मुंग्या. मग डॉक्टरीणबाईंनी मला पुढं केलं. मी धरली आणि सगळे एकदम "हांऽऽ" म्हणाले. "हिच्याच हाताला येतंय. तू हलू नकोस गं," बाई म्हणाल्या. मला तर त्याचाही अभिमान वाटला. इतकी मी खुळी.

टीव्हीच्या मागून मला फक्त बघणाऱ्यांची तोंडं दिसत होती. आई पुढंच, पदर दातांत धरून. खुर्चीवर डॉक्टरांशेजारी अण्णा. भाऊ त्यांच्या पायाशी.

अण्णांचा आवाज आला आणि माणसं हसली, सरसावली. टीव्हीतले अण्णा मडकी, चिंधी, फरशी, सगळं नीट सांगत होते. माझेच शब्द होते ते. मग विचारणाऱ्यानं विचारलं, ही मेहनत कुणाची?

"माज्या मुलाची. कालिजात शिकतोय. त्यानंच डोकं लावलं, त्यानंच पानी वाह्यलं."

मी खुर्चीवरच्या अण्णांकडे बघितलं. सगळी खोली पडद्याकडे बघत होती आणि ते एकटे खाली बघून धोतराचा काठ चिमटीत धरून बसले होते. आठ दिवस त्यांना हे माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला अँटेनापाशी उभं राहू दिलं.

मी हात सोडला.

पडद्यावर मुंग्या झाल्या असाव्यात, कारण एकच ओरडा झाला. पण आवाज काही थांबला नाही. मुलगा, मुलगा, चालूच होतं. "अगं धर! हात का सोडलास?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई मान उंचावून पडद्यावरच्या मुंग्यांत नवऱ्याला शोधत होती. तेव्हा कुठं अण्णांनी माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, "धर, बाय."

मी धरली. कार्यक्रम संपेपर्यंत धरली.

घरी येताना वाटेत मी विचारलं, "खोटं का बोलला तुमी?"

"पोरीनं पानी वाह्यलं म्हनलं, तर लोक म्हनत्याल, बाप आन् भाऊ काय करीत हुते? आन् तुला काय, उद्या लगीन करून जायाचंय."

भाऊ दोन पावलं पुढं चालत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तो मागं वळला नाही.

अण्णा गेल्यावर भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन माझ्या सासरी आला. सोबत गावातले दोन म्हातारे साक्षीदार. मी म्हटलं, जमीन घे, मला काही नको. फक्त बाग माझ्या हातची आहे, एवढं या दोघांदेखत बोल. भाऊ चहाच्या कपात बघत राहिला. त्यातला एक म्हातारा कळवळून म्हणाला, "आसं नगं बोलू, बाय. बाग त्यानंच जगवली. आमी डाक्टरच्या घरी सवता बघितलंय टीवीवर. चित्र किती साफ हुतं!"

चित्र साफ होतं, हे खरंच. हात भरून येईस्तोवर मीच तर धरलं होतं. मी सही केली.