वेदीपुढचा गिअर

शमुवेलकाका ख्रिस्तवासी झाल्याची बातमी आली, त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांना दवाखान्यात भेटलो होतो. उशी नीट करत होतो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "तू कॉलेजात शिकतोस, तूच सांग... माझं चुकलं का रे? आईनं मला देवाला दिलं होतं, आणि मी कंपनीत गेलो." मी उशीच नीट करत राहिलो. त्यांनीच मग विषय बदलला आणि माझ्या परीक्षेची चौकशी केली.

आमची आजी नगरकडच्या खेड्यातली. बायबलमधल्या हन्नेनं आपला मुलगा शमुवेल मंदिराच्या सेवेला दिला, तसा आजीनंही थोरला मुलगा देवाला वाहिला, नावही तेच ठेवलं. त्यानं चर्चचा पाळक व्हायचं ठरलेलं होतं. पण आजोबा अकाली वारले, भावंडं लहान होती, आणि काका पिंपरीला येऊन गिअर कापायच्या मशिनवर उभे राहिले. माझ्या वडिलांची शाळा त्यांच्याच पगारावर झाली. शिफ्टमध्ये सगळे त्यांना शामराव म्हणत. आता आजी मला म्हणते, "थोरल्याचं राहिलं, ते तू पुरं कर." देवानं मला कशासाठी जन्माला घातलं, हे मला अजून कळलेलं नाही. हाक ऐकू येईल, या आशेवर आहे...

आमच्यात हंगामाचा सण असतो. गावाकडे लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसे चर्चला जातात. पिंपरीत शेत कुणाचं? मंडळी बाजारातून भोपळे, अंडी, कोंबड्या विकत आणत. एका वर्षी काकांनी पिशवीतून एक गिअर काढला आणि भोपळ्याशेजारी ठेवला. एक दात बिघडलेला, नापास झालेला. साहेबांकडून रीतसर गेटपास घेऊन आणला होता.

एक वडीलधारे हसून म्हणाले, "शमुवेल, देवाला रिजेक्ट माल?"

"चांगले सगळे कंपनीचे," काका म्हणाले. "माझा म्हणावा असा हा एवढाच."

लिलावात त्याला कुणी बोली लावेना. काका मान खाली घालून बसले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकू उठल्या. "मी घेते. घरात एक रिजेक्ट माल आहेच, त्याला जोडी होईल!" सगळा हॉल हसला, काकाही हसले. तेव्हापासून तो गिअर काकूंच्या दुधाच्या पातेल्यावर असतो, मांजराच्या भीतीनं.

काकांना माती दिली त्या दिवशी त्यांच्या शिफ्टमधले लोक दफनभूमीच्या फाटकाशी घुटमळत उभे होते. आत यावं की नाही, चपला काढाव्यात की नाही, त्यांना उमगत नव्हतं. मी बोलवायला गेलो. चाकणकडचे एक जण म्हणाले, "आमच्या कुणाच्या घरी दुखणं असलं की आमी शामरावांकडं जायचो. म्हणायचो, राव, मशीन आमी बघतो, तुमी तेवढं तुमच्या देवाशी बोला. ते टोपी काढून उभे ऱ्हायचे. नावानिशी मागायचे, माझ्या पोरीचं बी..."

हे काकांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती सेवा नसावीच. सेवा म्हणजे व्यासपीठ आणि पांढरा झगा. आजीनं दिलेला मुलगा देवानं घेतला होता, फक्त त्याला उभं मशिनपाशी केलं होतं, असं मला आज वाटतं. दवाखान्यात हे म्हणता आलं असतं तर... पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

परवा काकूंकडे गेलो होतो. फाटकाशी ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी उठून पातेल्यावरचा गिअर उचलला, पदरानं पुसला, माझ्या हातात दिला. जड होता.

"यंदा सणाला हाच ने. मधोमध ठेव, भोपळ्याआड नको." मी पिशवीत घालू लागलो तशा पुढे म्हणाल्या, "आणि लिलावात लावू नकोस. संध्याकाळी परत आणून दे. दूध उघडं राहतं."