संघटनेबाहेरचे कापगते सर

हेमराज कापगते सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. फोन कॉलेजच्या शिपायाचा. "सर, कापगते सर गेले हो... एकोडीले, त्यायच्या गावी. धानाच्या बांधीतच छातीत दुखलं म्हणे." उरलेली नावं मी घेतलीच नाहीत. वर्ग सोडून दिला.

आम्ही दोघंही साकोलीकडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचो. म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन, उन्हाळाभर घरी, आणि दर पावसाळ्यात त्याच कामासाठी नव्यानं मुलाखत. प्राध्यापकांच्या संघटनेत आम्हाला प्रवेश नाही. धरण्याला मात्र चालायचो! सरांचा आवाज खणखणीत, त्यामुळे घोषणा त्यांनीच द्यायच्या. कायम मंडळी मंडपाच्या सावलीत, आणि हा गडी उन्हात गळ्याच्या शिरा ताणून... एकदा सभेत उठून म्हणाले, "आमालेही सभासद करा ना जी. काहून नाही करत?"

अध्यक्ष म्हणाले, "घटनेत बसत नाही, सर."

"मंग घटना बदलवा!"

सगळे हसले. सरही हसले.

पुढे संघटनेनं उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला. मी म्हटलं, "सर, आपल्याले कोन विचारून राहिलं? तपासून टाकू." तर माझ्यावरच उखडले. "आज आपन फुटलो तं उद्या कोनत्या तोंडानं त्यायच्यात बसू?" मग मीही पेपरांना हात लावला नाही. कायम प्राध्यापकांच्या मागण्या मान्य झाल्या. पावसाळ्यात सरांना मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही. माझ्या विषयाला दुसरा माणूस मिळेना, म्हणून मी तेवढा वाचलो. संघटनेनं त्यांच्या बाजूनं एक निवेदन द्यावं, एवढंच मागायला आम्ही गेलो. अध्यक्षांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आम्ही फक्त सभासदांसाठीच भांडू शकतो." सर चहा तसाच ठेवून उठले. मग शेतातच राबत राहिले. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "होईल जी, पुढच्या वर्षी." काही झालं नाही. आमच्यापैकी कुणाचंच काही होणार नाही, हे मला आता कळून चुकलंय.

शोकसभा मात्र संघटनेनं घेतली. "आमचे झुंजार सभासद" म्हणत अध्यक्षांनी सरांच्या फोटोला हार घातला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसलेल्या कापगते वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊजी, सभासद केलं होतं का यायले? मले तं बोललेच नाही..." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा उजळला होता. "हो वहिनी," म्हटलं.

परवा एकोडीला गेलो. ओसरीत सरांचा फोटो लावलाय. वहिनींनी हाराखाली ठळक अक्षरांत लिहवून घेतलंय : प्रा. हेमराज कापगते, सभासद, प्राध्यापक संघटना.