मावशीचा लाभ

लालबागला मावशीकडे राहायला आलो, तेव्हा तिचा उजवा गुडघा संपावर होता. चाळीत तिसरा मजला, लिफ्ट म्हणजे मी. मावसभाऊ म्हणाला, "दिवाळीपर्यंत जिना एकटी चढलीस तर राहा इथे. नाहीतर बदलापूर, माझ्याकडे. तिकडे लिफ्ट आहे."

"लिफ्टीत बसान गजाली कोणाशी करू?" मावशी म्हणाली.

म्हणून परळला व्यायामाला जायला लागलो. फिजिओ मॅडम माझ्याच वयाच्या, प्रत्येक वाक्याला आधी "छान". त्यांनी मावशीच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "छान. काकू, गुडघ्याने टॉवेल दाबा, दहा मोजा, मग सोडा."

मावशीने दाबला. "लाभ, दोन, तीन..."

आमच्या गावाकडे भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मावशी चपात्यासुद्धा तशाच मोजते. मॅडमना काय माहीत.

"लाभ वाटतोय? इतक्यात? छान."

मी तोंडात रुमाल कोंबला. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण घरी जाऊन दोघींची नक्कल करायला फुकट माल मिळत होता. तिसऱ्या खेपेला इतका लाभ बघून मॅडमनी पायाला वजनाचा पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म.

मावशी ओरडली नाही. म्हणाली, "कपाटावरची बॅग काढ. जातंय बदलापुराक."

माझी मस्तीच उतरली. तसाच मॅडमकडे गेलो, सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग मला झापलं. आधी सूज उतरू दे म्हणाल्या, मग पुन्हा टॉवेल, वजन नाही.

घरी मोजायची ड्युटी माझी. मॅडमच्याच आवाजात. "छान, काकू. श्वास रोखू नका, काकू."

"मेल्या, ती बरी बोलता. तुझो कोंबडो आरवता." पण दाबायची. मग खुर्चीतून उठबस, मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पहिल्यांदा चार पायऱ्या चढली आणि माझ्या खांद्यावर एक चापट मारली. शाबासकी कोणाला होती, कळलं नाही.

दिवाळीला मावसभाऊ आला. कंदील घ्यायला तिघे खाली उतरलो. परत चढताना दुसऱ्या मजल्यावर तो कठडा धरून धापा टाकत उभा राहिला.

"आई, थांब गो जरा."

मावशी वळली नाही. वरून आवाज आला, "दमलंस काय रे? बस थंयच."

भाऊ स्वतःचा गुडघा चोळत पायरीवर बसला. थोड्या वेळाने मला हळूच म्हणाला, "त्या मॅडम रविवारी असतात काय रे?"